ललिताबाईंची कारकीर्द थपडेने घडवली नाही

ललिता पवार यांची जयंती १८ एप्रिलला येते आणि पुण्यतिथी २४ फेब्रुवारीला. या दोन तारखांच्या आगेमागे नाशिककरांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक ठरलेला वाद ठरलेल्या क्रमाने सुरू होतो. आधी कोणीतरी ‘आपल्या येवल्याची लेक’ म्हणून छायाचित्र टाकतो, मग १९४२ सालच्या त्या थपडेची हकीकत येते आणि तिच्यावरून दोन तट पडतात. एका तटाचे म्हणणे असे की, एका थोबाडीत बसल्यामुळे रूपवान नायिकेचे आयुष्य मातीमोल झाले. दुसऱ्या तटाच्या मते ती थोबाडीत बसली म्हणूनच बाई अजरामर झाल्या, नाहीतर मूकपटाच्या काळातल्या इतर नायिकांबरोबर त्याही विस्मरणात गेल्या असत्या. अलीकडे तिसराही सूर ऐकू येतो: पडद्यावरच्या ज्या खाष्ट सासूने घरोघरच्या बायकांची बदनामी केली, तिचा गौरव करायचाच कशाला? माझे म्हणणे सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो. पहिले दोन्ही तट भांडतात एकमेकांशी, पण दोघांचा पाया एकच आहे आणि तो कच्चा आहे. सत्तर वर्षांच्या कामाचे श्रेय किंवा अपश्रेय दोघेही एका अपघाताच्या खात्यावर मांडतात. तिसऱ्या सुराचा आक्षेप अधिक गंभीर आहे, पण तोही भूमिका न पाहता केवळ भूमिकांच्या ख्यातीवर घेतलेला आहे.

घडले काय, ते आधी नीट पाहू. ‘जंग-ए-आझादी’ या चित्रपटाच्या चित्रीकरणात भगवान पालव, म्हणजे आपले भगवानदादा, यांनी ललिताबाईंना थोबाडीत मारायची असे दृश्य होते. हात जोरात बसला, चेहऱ्याच्या एका बाजूला अर्धांगवायू झाला, डाव्या डोळ्यातली शीर फुटली. लांबलचक उपचारांनंतरही तो डोळा पूर्ववत झाला नाही. इतकी हकीकत सगळे सांगतात. तिच्या आधीचे मात्र क्वचितच कोणी सांगतो. येवल्यातल्या रेशमी आणि सुती कापडाच्या व्यापाऱ्याच्या घरी १९१६ साली जन्मलेली ही अंबा लक्ष्मणराव शगुन लहानपणीच मूकपटांत आली. पुढे तिने नायिकेच्या भूमिका केल्या आणि त्यात स्वतः गाणीही म्हटली. १९३२ सालच्या ‘कैलास’ या मूकपटाच्या निर्मितीत ती भागीदार होती आणि १९३८ मध्ये ‘दुनिया क्या है’ हा बोलपट तिने स्वतः काढला. भालजी पेंढारकरांचा ‘नेताजी पालकर’ १९३९ चा आणि खांडेकरांच्या कथेवरचा मास्टर विनायकांचा ‘अमृत’ १९४१ चा. या दोन्हींत ती आहे. म्हणजे थप्पड बसली तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती, आणि अभिनेत्री, गायिका, निर्माती अशा तिन्ही नात्यांनी या धंद्यात पुरती मुरलेली होती. वयाच्या बाविसाव्या वर्षापर्यंत दोन चित्रपटांच्या निर्मितीत पैसा आणि नाव घालणारी बाई १९३० च्या दशकात किती असतील? तिची ओळख करून देताना ही गोष्ट वगळली जाते आणि डोळ्याची उरते, याला काय म्हणावे?

पहिल्या तटाचे जे खरे आहे ते मान्य केलेच पाहिजे. नुकसान झाले, आणि ते मोठे होते. ज्या धंद्यात चेहरा हेच भांडवल, तिथे चेहऱ्याला इजा झाल्यावर नायिकेची कामे मिळणे थांबते. त्या काळात तर अशा कलावंताला ना विम्याचा आधार, ना संघटनेचा. शारीरिक वेदना तर वेगळ्याच. सव्वीस वर्षांच्या बाईने आपला अर्धा चेहरा हलत नाही हे आरशात पाहणे ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही, आणि हे दुःख सांगणाऱ्यांचा हेतू वाईट असतो असे मी म्हणत नाही. पण ‘आयुष्य मातीमोल झाले’ या निष्कर्षाला एक गृहीतक लागते: थप्पड बसली नसती तर पुढची वीस वर्षे त्या नायिकाच राहिल्या असत्या. त्या पिढीकडे पाहिले तर हे गृहीतक टिकत नाही. मूकपटांत ज्यांच्या मानधनाची बरोबरी भल्याभल्यांना करता येत नव्हती त्या सुलोचना, म्हणजे रूबी मायर्स, यांना कोणी थोबाडीत मारली नव्हती. तरीही बोलपट स्थिरावल्यावर त्यांच्या वाट्याला हळूहळू छोट्या भूमिका आल्या. दुर्गाबाई खोट्यांसारख्या खानदानी आणि तडफदार अभिनेत्रीलाही आईच्या भूमिकांकडे वळावे लागले. नायक पन्नाशीपर्यंत बागेत गात राहतो आणि त्याच्या वयाची नायिका त्याची आई होते, हा नियम थपडेच्या आधीपासूनचा आहे आणि तो आजही पुरता मोडलेला नाही. १९५२ च्या ‘दाग’मध्ये ललिताबाई दिलीपकुमारांच्या आई होत्या. दोघांच्या वयात अंतर होते जेमतेम साडेसहा वर्षांचे! अपघाताने जे एका दिवसात केले ते या धंद्याने दहा वर्षांत केलेच असते. मग आपला सगळा राग एका हाताच्या फटक्यावर कशासाठी खर्च करायचा? त्यातून हा धंदा मात्र निर्दोष सुटतो.

शिवाय ही हकीकत जशी सांगितली जाते तशी ती तारखांच्या कसोटीलाही पुरती उतरत नाही. अपघात, मग तीन वर्षांचा अंधार, मग नव्या रूपात पुनरागमन, असा तिचा साचा आहे. पण प्रभातचा ‘रामशास्त्री’ १९४४ चा, आणि त्यातली आनंदीबाई ललिता पवार यांनीच केली. उपचार चालू असतानाच, चेहरा पूर्ण सावरलेला नसताना, त्या कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या असल्या पाहिजेत. त्याही कोणत्या संस्थेत? ज्या प्रभातमध्ये अभिनयाला शिस्त लागत असे तिथे. हातपाय गाळून बसलेल्या बाईला ती भूमिका कोणी दिली नसती आणि तिला ती पेललीही नसती.

आनंदीबाईचा विषय निघालाच आहे तर नाशिककरांनी जरा गंगापूर रस्त्यावरच्या आनंदवल्लीकडे पाहावे. राघोबादादा इथे राहत आणि गावाला आनंदीबाईवरून हे नाव पडले, असे आपण पिढ्यान्पिढ्या सांगत आलो. नवश्या गणपतीला जाणाऱ्या दहा जणांना आनंदीबाईबद्दल विचारा. नऊ जण ‘ध’ चा ‘मा’ सांगतील आणि थांबतील. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावाचा खून झाला, रामशास्त्र्यांनी चौकशी करून राघोबाला दोषी धरले, हा इतिहास. आनंदीबाईने राघोबाच्या हुकमाच्या कागदावर एक अक्षर बदलून ‘धरावे’चे ‘मारावे’ केले ही लोकांच्या तोंडी रुळलेली कथा आहे, तिला भक्कम कागदोपत्री आधार नाही. खुनाचा निवाडा ज्याच्या विरुद्ध झाला तो राघोबा अटकेपार झेंड्यांसाठी आठवला जातो आणि जिच्यावरचा आरोप कथेपुरता आहे ती बायको एका अक्षरासाठी. पुरुषाचे आयुष्य आपण चढउतारांसकट लक्षात ठेवतो, बाईचे मात्र एका प्रसंगात आवळून बांधतो. तपोवनात शूर्पणखेचे नाक कापले ती जागा यात्रेकरूंना दाखवतात. पुढे तिचे काय झाले असे कोणी विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही. आनंदीबाईची भूमिका करणाऱ्या येवल्याच्या बाईचेही आपण तेच केले.

दुसरा तट या दुःखाला उलटा सलाम करतो: बरे झाले थप्पड बसली, बारीक झालेल्या त्या डाव्या डोळ्यानेच खलनायिका जन्माला घातली. या म्हणण्यातही तथ्याचा अंश आहे. दिग्दर्शकांनी त्या डोळ्याचा उपयोग करून घेतला, आणि बाईंनीही तो करू दिला. तो डोळा किंचित मिटला, भुवई वर गेली आणि ओठाचा कोपरा वाकडा झाला की पुढचे वाक्य ऐकायच्या आधीच प्रेक्षागृहात चुळबुळ होई. परंतु इजा झाली आणि त्यातून कला झाली असे म्हणताना मधला सगळा माणूस गायब होतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यात पॉवर प्रेसवर एखाद्या कामगाराची दोन बोटे गेली आणि पुढे त्याने उरलेल्या आठ बोटांनी उत्तम काम करून दाखवले, तर त्याचे श्रेय आपण प्रेसला देतो काय? आपण विचारतो, मशीनला गार्ड होता का, भरपाई मिळाली का. कामगार नुकसानभरपाईचा कायदा या देशात १९२३ मध्येच झाला होता. सिनेकामगारांच्या नोकरीच्या अटींसाठी स्वतंत्र कायदा व्हायला मात्र १९८१ साल उजाडले. चित्रीकरणात झालेली इजा ही कामावर झालेली इजा आहे, इतकी साधी गोष्ट ओळखायला आपल्याला जड जाते, कारण ‘नशिबाचा खेळ’ म्हटले की हिशेब कोणालाच द्यावा लागत नाही. खऱ्या थपडेशिवाय दृश्य खरे वाटत नाही ही समजूत ज्यांनी पोसली, त्यांनाही नाही.

आणि डोळ्यानेच खलनायिका घडवली असेल तर ‘अनाडी’चे काय करायचे? १९५९ च्या या हृषीकेश मुखर्जींच्या चित्रपटात त्याच डोळ्याची तीच बाई मिसेस डिसा झाली आहे: ख्रिस्ती घरमालकीण, अंगात फ्रॉक, तोंडाने फटकळ. भाडे थकवणाऱ्या राज कपूरवर ती तोंड सोडते. त्या वेळचा तिचा आवाज ऐकावा. वाक्याची सुरुवात चढ्या पट्टीत होते, पण शेवट गाठेपर्यंत राग कुठेतरी विरघळलेला असतो आणि तो विरघळला हे लपवण्यासाठी ती पुन्हा खेकसते. तिचा मृत्यू होतो तो भेसळ केलेल्या औषधाने, आणि ते औषध ज्या कारखान्याचे, त्याच मालकाकडे हा मुलगा नोकरीला असतो. चित्रपटाची सारी नैतिक कळ या मृत्यूत आहे; मिसेस डिसा जर प्रेक्षकाला आपली वाटली नसती तर ‘अनाडी’ नुसता प्रेमपट झाला असता. सहायक अभिनेत्रीचे फिल्मफेअर त्यांना याच भूमिकेसाठी मिळाले. चार वर्षे आधी ‘श्री ४२०’मध्ये फुटपाथवर केळी विकणारी गंगामाई त्यांनीच केली होती, आणि त्याच १९५५ सालच्या ‘मिस्टर अँड मिसेस ५५’मध्ये पुरुषद्वेष्टी, श्रीमंत, इंग्रजाळलेली आत्याही त्याच होत्या. डोळा तोच. फरक पडतो तो चालण्यात, मान धरण्यात, आणि श्वास कुठे घ्यायचा या ठरवण्यात. याला आपण मराठीत अभिनय म्हणतो.

आता तिसरा आक्षेप. तो मला सर्वांत वजनदार वाटतो, कारण त्यात बोलणाऱ्या बहुतेक स्त्रियाच असतात आणि त्यांनी भोगलेले असते. त्या म्हणतात, आमच्याकडे कडक सासूला आजही ‘ललिता पवार’ म्हणून टोमणा मारतात. सासू-सुनेच्या भांडणात सासरा आणि नवरा नामानिराळे राहतात, आणि बाईच बाईची वैरी हा समज या चित्रपटांनी पक्का केला. हे नाकारता येणार नाही. हिंदी चित्रपटाने सासूला वारंवार सोपे लक्ष्य केले आणि ललिताबाईंनी त्यातली पुष्कळ कामे केली. काही तर केवळ ठोकळेबाज होती, उतारवयात विशेषच. ‘सौ दिन सास के’सारख्या चित्रपटाच्या नावातच सगळा मामला उघड आहे. पोटापाण्याच्या धंद्यात प्रत्येक काम निवडून करता येत नाही हे खरे असले, तरी त्या कामांचे समर्थन मी करणार नाही.

परंतु भूमिका चांगली लिहिलेली असली की ही बाई तिच्यातून काय दाखवत होती? व्ही. शांताराम यांचा ‘दहेज’ १९५० चा. हुंडा बंदीचा कायदा आला १९६१ मध्ये, म्हणजे अकरा वर्षांनी. त्या काळी हुंडा ही घरातली खासगी बाब होती, गुन्हा नव्हता. हुंडा मागणारी सासू जर प्रेमळ, गोड, परिस्थितीने गांजलेली अशी दाखवली असती तर प्रेक्षकाला त्या प्रथेची चीड आली असती का? ललिताबाईंची सासू त्या प्रथेला चेहरा देते. आणि तो चेहरा इतका ओळखीचा होता की पाहणाऱ्याला आपल्या माजघराकडे वळून पाहावे लागे. प्रथेचा फायदा घेणारे पुरुष पडद्याच्या कडेला उभे राहतात हा दोष पटकथेचा आहे, आणि तो दाखवून द्यावा. पण अत्याचार करणारी बाई रंगवणे म्हणजे बाईची बदनामी, हे मान्य केले तर कैकेयीपासून सगळ्याच बायकांना रंगमंचावरून उतरवावे लागेल.

सवर्ण घरात वाढणाऱ्या अस्पृश्य मुलीची गोष्ट सांगणाऱ्या बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’चे उदाहरण नाशिककराला तर अधिकच भिडायला हवे. १९३० च्या मार्चमध्ये काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला, तो पाच वर्षे चालला आणि दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा केली ती येवल्यात, ललिताबाईंच्या जन्मगावात. दार कोणी अडवले होते? इतिहासात पंचांची, पुजाऱ्यांची, पुढाऱ्यांची नावे येतात. पण विटाळ प्रत्यक्षात राखला जात होता तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, आणि त्याची राखणदार बहुधा घरातली वडीलधारी, सोवळी, देवभोळी बाई असे. ‘सुजाता’मधली गिरिबाला, ती आत्याबाई, नेमकी हीच आहे. ती क्रूर नाही. तिला लहान मुलीचा तिरस्कार करायचा आहे असेही वाटत नाही. जात कळताच तिचे अंग आपोआप मागे सरते, आणि ललिताबाई ती क्रिया इतक्या सहजपणे करतात की तिच्यात दुष्टपणा शोधून सापडत नाही. अस्पृश्यता दुष्ट माणसे पाळत होती असे मानणे सर्वांनाच सोयीचे होते. चांगल्या घरातली चांगली माणसे ती पाळत होती, हे त्या आत्याबाईने दाखवले. ज्या भूमिकेला आपण ‘निगेटिव्ह’ म्हणून बाजूला सारतो तिने समाजाला आरसा दाखवण्याचे काम नायक-नायिकेपेक्षा जास्त केले, असे मी म्हटले तर त्यात अतिशयोक्ती आहे काय?

जिथे लेखकाने थोडी मोकळीक दिली तिथे ललिताबाई साच्यालाच तडा देत. १९६२ च्या ‘प्रोफेसर’मध्ये ललिताबाई एका घरातली करडी मोठी बाई आहेत आणि शम्मी कपूर म्हाताऱ्या शिक्षकाचे सोंग घेऊन घरात शिरला आहे. या सोंगावर ती भाळते, नटूथटू लागते. प्रेक्षक हसतो, आणि हसता हसता त्याला जरा ओशाळल्यासारखे होते, कारण आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुली सांभाळून कोरडी पडलेली बाई पहिल्यांदाच स्वतःसाठी काही मागते आहे आणि तिची फसवणूक चालली आहे. विनोदी चित्रपटात ही बोच कोणी मागितलेली नव्हती. मंथरेचे तर काय सांगावे! १९६१ च्या ‘संपूर्ण रामायण’मध्ये ती केली, आणि सव्वीस वर्षांनी, सत्तरी ओलांडल्यावर, रामानंद सागरांच्या मालिकेतही केली. रविवारी सकाळी पंचवटीतसुद्धा रस्ते ओस पडत ते दिवस ज्यांना आठवतात त्यांना ती कुबडी, खालून वर पाहणारी मंथराही आठवते. (मंथरा नसती तर राम पंचवटीत आला नसता आणि नाशिकचा निम्मा व्यवहार बसला असता, याचे ऋण कोणी मानत नाही ते सोडा.)

एक शंका उरते: येवल्यात जन्मली एवढ्यावरून नाशिकने हक्क सांगावा का? तिची जडणघडण झाली ती पुण्या-मुंबईच्या स्टुडिओंत, मृत्यूही १९९८ मध्ये पुण्यात औंधला झाला. शंका रास्त आहे, आणि ‘आपली लेक’ म्हणून फुकटचा अभिमान मिरवण्याची हौस मलाही नाही. तरी हा जिल्हा चित्रपटाशी उपरा नाही. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके ‘राजा हरिश्चंद्र’नंतर आपला कारखाना नाशकात घेऊन आले, आणि तारामतीची भूमिका पुरुषाला द्यावी लागली होती त्याच १९१३ सालात ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या नाशकात कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. पडद्यावर बाईचे काम बाईने करण्याची सुरुवात जिथे झाली, त्या जिल्ह्याने एका अभिनेत्रीचे काम नीट पाहण्याची जबाबदारी घ्यावी, इतकेच. फाळक्यांच्या नावाचा पुरस्कार ललिताबाईंना मिळाला नाही. संगीत नाटक अकादमीने मात्र १९६१ मध्येच त्यांची दखल घेतली होती. पुरस्कारासाठी आता गळा काढण्यात अर्थ नाही.

त्यापेक्षा सोपे आणि स्वस्त काम आपल्या हातात आहे. शहरात चित्रपट मंडळे आहेत, महाविद्यालयांची सभागृहे आहेत, कालिदास कलामंदिर आहे, येवल्यात शाळा आहेत. पुढच्या एप्रिलमध्ये कोणी ललिता पवारांवर कार्यक्रम करणार असेल तर वक्त्याने १९४२ ची हकीकत दोन वाक्यांत संपवावी आणि ‘दुनिया क्या है’च्या निर्मातीबद्दल दहा वाक्ये बोलावीत. नंतर ‘अनाडी’ दाखवावा, मग ‘सुजाता’, आणि वेळ उरला तर ‘दहेज’. याच क्रमाने, म्हणजे सासू पडद्यावर येईल तेव्हा मिसेस डिसा प्रेक्षकांच्या ओळखीची झालेली असेल. चर्चा त्यानंतर ठेवावी, आणि माईक आधी सुनांच्या हातात द्यावा, मग सासवांच्या.